राग, बारावी आणि घरामागचं कडुनिंब

कुठून ऐकताय आज? पीएमटीत लटकून, भांडी घासताना, की समोर पुस्तक उघडं ठेवून एका कानात इअरफोन खुपसून? जे या शेवटच्या गटातले आहेत, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड खास आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं बोलणं इथे लिहून काढलंय. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. घराजवळ झाडं असली तर घरातली भांडणं कमी होतात का?

मला माहितीये, हे ऐकून तुम्हाला फॅमिली ग्रुपवरचा तो मेसेज आठवला असेल. सूर्योदयाचा फोटो, खाली "निसर्गाच्या सान्निध्यात राहा, मन प्रसन्न ठेवा". पण हाच प्रश्न काही संशोधकांनी मोजपट्टी हातात घेऊन विचारलाय. आणि तोही नेमका तेरा-चौदा ते सतरा-अठरा या वयाबद्दल, जेव्हा आपण दारं जरा जास्तच जोरात लावतो. त्यांना जे सापडलं ते त्या सूर्योदयापेक्षा बरंच कामाचं आहे. काही ठिकाणी ते अडखळतंही, तेही सांगते.

उपग्रह आणि आदळआपट

सुरुवात करूया लॉस एंजेलिसपासून. आणि तिथेही थेट जमिनीवरून नाही, वरून.

नासाचा 'टेरा' नावाचा एक उपग्रह आहे. डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेला, या अभ्यासाच्या काळात जमिनीपासून साधारण ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरायचा. त्याच्यावरचं एक उपकरण जमिनीवर किती हिरवं आहे ते टिपत असतं. कसं टिपतं? झाडाचं पान सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतं, आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भाग मोठ्या प्रमाणात परत फेकतं. डांबराचं तसं नसतं, सिमेंटचंही नसतं. या दोन प्रकाशांतल्या फरकावरून एक आकडा काढतात, त्याला म्हणतात एनडीव्हीआय. तो उणे १ ते १ यांच्यामध्ये असतो. पत्रे, रस्ते, गच्च्या शून्याच्या आसपास. झाडी जितकी दाट, तितका आकडा १ कडे सरकतो.

आता दुसरीकडे, त्याच भागात एक वेगळाच अभ्यास चालू होता. १,२८७ मुलं-मुली, वय ९ ते १८. सन २००० ते २०१२ या काळात त्यांच्या आईवडिलांकडून पुन्हा पुन्हा एक प्रश्नावली भरून घेतली जायची. त्यातले प्रश्न आपल्या ओळखीचेच आहेत. मूल फार वाद घालतं का? वस्तू फोडतं का? ओरडतं का? धमक्या देतं का? एकदम चिडतं का?

युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या डायना यूनान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या. उपग्रहाचा आकडा आणि आईवडिलांची उत्तरं. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: घराभोवतीच्या १,००० मीटरमध्ये जिथे हिरवळ जास्त, तिथल्या मुलांमध्ये आक्रमकपणा कमी. मागच्या एक ते सहा महिन्यांतली हिरवळ धरली तरी, आणि मागच्या एक ते तीन वर्षांची धरली तरी.

किती कमी? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. वय वाढतं तसा मुलांचा आक्रमकपणा आपोआप थोडाथोडा कमी होत जातो. आपण म्हणतो ना, "आता जरा शहाणा झालाय." शहरात सर्वसाधारणपणे कमी हिरव्या आणि जास्त हिरव्या वस्तीत जेवढा फरक असतो, तेवढ्या फरकाचा परिणाम दोन ते अडीच वर्षांच्या शहाणपणाएवढा निघाला. म्हणजे हिरव्या वस्तीतला चौदा वर्षांचा मुलगा रागाच्या बाबतीत साधारण सोळा वर्षांच्या मुलासारखा वागत होता.

आणि हो, हे उद्यानाबद्दल नाहीये. उपग्रहाला उद्यान, रस्त्याकडेचं झाड, कुणाच्या अंगणातला आंबा आणि पडीक जागेतलं गवत यातला फरक कळत नाही. त्याला फक्त पानं दिसतात. तरीही फरक आला.

"ते श्रीमंत असतील गं!"

मी हे घरी सांगितलं तेव्हा आई लगेच म्हणाली, "हिरव्या वस्तीत राहणारे श्रीमंत असतील गं. त्यांना कसला राग येतोय!"

आईचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि या विषयावरचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच आहे. झाडं आणि पैसा बऱ्याचदा एकाच पिनकोडमध्ये राहतात. यूनान आणि मंडळींनी कुटुंबाची आर्थिक स्थिती, वय, लिंग, वंश, वस्तीचा दर्जा, एवढंच काय तर तापमानसुद्धा हिशेबात धरून पाहिलं. संबंध टिकून राहिला. पण कितीही गोष्टी हिशेबात धरल्या तरी एखादी राहून गेली असेल ही शंका उरतेच. शिवाय प्रश्नावली आईवडिलांनी भरलेली. झाडांमुळे आईवडीलच जरा शांत झाले असतील आणि त्यांना मूल कमी त्रासदायक वाटलं असेल, असंही असू शकतं की नाही? (तसं असलं तरी माझी काही तक्रार नाही, घरात कुणीतरी शांत झाल्याशी मतलब.)

मग खात्री कशी करायची? सोपं आहे. चिठ्ठ्या टाकायच्या. काही ठिकाणी हिरवळ करायची, काही ठिकाणी नाही, आणि कुठे करायची ते नशिबावर सोडायचं.

फिलाडेल्फियात हे खरोखर केलं गेलं. त्या शहरात ओसाड प्लॉट पुष्कळ. घर पडलेलं, मालक गायब, आत टायर, गाद्या, काचा. अशा ५४१ प्लॉटचे गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं: काही प्लॉट हिरवे करायचे, काही नुसते साफ करायचे, काहींना हातच लावायचा नाही. आणि हिरवं करायचं म्हणजे काही फार थाटमाट नव्हता. कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत लावलं, थोडी झाडं लावली आणि बुटकं लाकडी कुंपण घातलं. त्या कुंपणात आत जायला मुद्दाम जागा ठेवली. हे लक्षात ठेवा, याच्याकडे आपण परत येणार आहोत.

२०१८ मध्ये निकाल आले. हिरव्या केलेल्या प्लॉटजवळ राहणाऱ्यांमध्ये "मला निराश वाटतं" असं सांगणाऱ्यांचं प्रमाण, हात न लावलेल्या प्लॉटजवळच्यांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटलं. आणि ज्या वस्त्या गरिबीच्या रेषेखालच्या होत्या, तिथे बंदुकीच्या हिंसेचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी झालं. तीच माणसं, तीच गरिबी, तोच रस्ता. बदललं काय, तर कोपऱ्यावरचा उकिरडा.

हा प्रयोग टीनएजर्सचा नव्हता, मोठ्यांचा होता. पण आईच्या आक्षेपाला तो बऱ्यापैकी उत्तर देतो. झाडं श्रीमंतांची सावली म्हणून काम करत नाहीत, त्यांचं स्वतःचंही काहीतरी काम आहे.

आपल्याकडे असा उकिरड्याचा बगीचा झालेला मोठा दाखला म्हणजे माहीम-धारावीच्या सीमेवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकर. आज तिथे झाडी आणि फुलपाखरं आहेत, एकेकाळी तिथे मुंबईचा कचरा पडायचा. मिठी नदीकाठच्या त्या जागेला ते जमलं, म्हणजे जागा किती बिघडली आहे ही सबब फारशी चालत नाही.

राग आणि हात यांच्यामधली जागा

आता मधला प्रश्न. झाड नेमकं करतं काय? ऑक्सिजन वगैरे सोडा. राग कमी कसा होतो?

मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅप्लन हे जोडपं या विषयातलं मोठं नाव. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडे दोन प्रकारचं लक्ष असतं. एक आपण जोर लावून देतो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं प्रकरण, सरांचं तिसरं डेरिव्हेशन, हायवेवरची गाडी. दुसरं आपोआप जातं. पिंपळाची पानं हलतायत, खार वर चढतीये, पावसाचं पाणी पन्हाळीतून पडतंय. पहिलं लक्ष दमतं, अगदी स्नायू दमावा तसं. दुसरं चालू असताना पहिल्याला विश्रांती मिळते.

आणि इथे खरी गंमत आहे. स्वतःला आवरायला जी ताकद लागते, ती त्या पहिल्या, दमणाऱ्या लक्षाशी बांधलेली आहे. कुणीतरी टोचून बोललं. ते ऐकू येणं आणि तुमच्या तोंडातून उत्तर निघणं, किंवा हातातलं काही फेकलं जाणं, यांच्यामध्ये एक छोटीशी फट असते. माणूस ताजा असला की ती फट रुंद असते, त्यात "जाऊ दे" मावतं. दमला असला की ती मिटते.

शिकागोत रॉबर्ट टेलर होम्स नावाची सरकारी वसाहत होती. सोळा-सोळा मजली इमारती. काहींच्या खाली झाडं, काहींच्या खाली नुसतं काँक्रीट. कुणाला कुठे घर मिळेल हे राहणाऱ्यांच्या पसंतीवर फारसं अवलंबून नसे. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी तिथल्या १४५ महिलांशी बोलून २००१ मध्ये लिहिलं की, ओसाड इमारतींत राहणाऱ्यांमध्ये भांडणं आणि हात उचलणं जास्त होतं, आणि त्यामागे लक्ष दमणं हे कारण दिसत होतं.

आता यात किशोरवय घाला. या वयात भावनांचा भाग मेंदूत जोरात असतो, आणि लगाम ओढणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे फट मुळातच अरुंद. त्यावर सकाळी सहापासून क्लास, जर्नल, मॉक टेस्ट, रँक. मग संध्याकाळी आईने "अरे, ताट उचल" म्हटलं की जो स्फोट होतो, तो ताटावरून नसतो हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. तरी भांडण ताटावरूनच होतं.

शाळकरी मुलांवर एक छान प्रयोग झालाय. इलिनॉयमधल्या पाच हायस्कूलमधले ९४ विद्यार्थी. डोंगयिंग ली आणि पुन्हा तेच विल्यम सलिव्हन, साल २०१६. चिठ्ठ्या टाकून मुलांना तीन प्रकारच्या वर्गांत बसवलं: खिडकी नसलेला, खिडकीतून इमारत दिसणारा आणि खिडकीतून झाडं दिसणारा. अर्धा तास वर्गात असतं तसलं डोकं खाणारं काम दिलं. मग त्याच खोलीत दहा मिनिटांची सुट्टी. झाडं दिसणाऱ्या वर्गातली मुलं ताणातून चांगली सावरली, आणि लक्षाच्या चाचणीत पुढे गेली.

दहा मिनिटं. ट्रेकला जायची गरज नाही, महाबळेश्वर नको. एक खिडकी आणि दहा मिनिटं. आता आपल्याकडचे क्लासचे हॉल आठवा. खिडक्यांना काळी फिल्म, पडदे, वर एसी, म्हणजे "मुलांचं लक्ष बाहेर जायला नको". लक्ष बाहेर जाणं हेच तर औषध आहे!

फोनने विचारलेला प्रश्न

अजून एक अभ्यास, कारण तो फोनवर झालाय आणि आपण सगळे फोनवाले आहोत.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंड नावाचं शहर आहे. तिथल्या कमी उत्पन्नाच्या, बहुतांश कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या मुलामुलींना फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं जायचं, आत्ता किती ताण आहे? आणि त्या क्षणी ते कुठे आहेत हे फोनच्या लोकेशनवरून कळायचं. जेरेमी मेनिस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जे मांडलं ते मला फार खरं वाटलं. मुलं घराबाहेर असताना आसपास हिरवळ असेल तर ताण कमी. मुलगा असो वा मुलगी, वस्ती बरी असो वा वाईट, पानगळ असो वा उन्हाळा. पण मूल घरी असेल, तर बाहेरच्या हिरवळीचा तसा संबंध दिसला नाही.

का? संशोधकांचा अंदाज असा की घरात असताना घरातलेच ताण वरचढ ठरतात. अर्थात, मुलं मुळात बरं वाटत असतानाच बागेत जात असतील, हीसुद्धा शक्यता त्यांनी स्वतःच नोंदवली आहे.

पण पहिला अंदाज आपल्या घरांना किती लागू आहे बघा. बाल्कनीत दोन कुंड्या ठेवून काम भागत नाही, कारण भांडण बाल्कनीच्या आतल्या बाजूला चालू असतं. या वयाला घराच्या बाहेर, पण घराच्या जवळ, एक जागा लागते. चप्पल घालून जाता येईल इतकी जवळ.

आमच्याकडचा विषय

आता हे सगळं मी महिनाभर का वाचत बसले, ते सांगते.

माझा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याला विचारूनच सांगतेय. आमचं घर वन बीएचके, माणसं चार. आई हॉलमध्ये शिकवण्या घेते. बाबांची शिफ्ट असते, त्यामुळे बेडरूममध्ये बऱ्याचदा कुणीतरी झोपलेलं असतं. म्हणजे पोराला चिडून दार आपटायचं म्हटलं तरी दारापलीकडे कुणाची तरी झोप मोडते. मग आणखी एक भांडण. अशा वेळी तो काही न बोलता खाली जातो. सोसायटीच्या मागे दोनेक गुंठ्यांचा तुकडा आहे, तिथे एक जुनं कडुनिंब आहे, तगरीची झुडपं आहेत, एक तुटका सिमेंटचा बाक आहे. वीस मिनिटांनी वर येतो आणि विचारतो, "ताई, जेवायला काय आहे?" आमच्या घरात ही सॉरीची भाषा आहे.

गेल्या महिन्यात तिथे बोर्ड लागला: "येथे विनाकारण बसू नये." आणि आता प्रस्ताव आहे की त्या तुकड्यावर पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं. पुढच्या रविवारी जनरल बॉडी आहे.

मी कुणाला खलनायक करणार नाही. गाड्या खरंच रस्त्यावर लागतात. सेक्रेटरी काकांच्या गाडीचे आरसे दोनदा फुटलेत. तळमजल्यावरच्या आजींची खिडकी त्या बाकाला लागून आहे, पोरं रात्री अकरा-अकरापर्यंत हसत बसतात आणि आजींची झोप उडते. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांची उत्तरंही आहेत. बाक आजींच्या खिडकीपासून हलवून कडुनिंबाच्या पलीकडे न्या. रात्री दहानंतर बंद, हे चालेल. एक दिवा लावा. मी रविवारी हेच बोलणार आहे, आणि फिलाडेल्फियाच्या त्या बुटक्या कुंपणाबद्दल सांगणार आहे, ज्यात आत जायला मुद्दाम जागा ठेवली होती.

कारण आपल्याकडे उलटं होतं. आपण झाडं लावतो आणि मग गेटला कुलूप लावतो. पुण्यातल्या महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात, संध्याकाळी परत उघडतात. मॉर्निंग वॉकवाल्यांची सोय होते, आणि ती व्हायलाच हवी. पण ज्या पोराचा क्लास दोनला सुटतो आणि पुढची टेस्ट चारला आहे, त्याच्यासाठी ती बाग नाहीच. उपग्रहाला ती दिसते, त्याला मिळत नाही. मुंबईत तर माणशी दीड चौरस मीटरसुद्धा खुली जागा येत नाही, म्हणजे एका सिंगल कॉटपेक्षा कमी. शहरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना १० ते १२ चौरस मीटर म्हणतात. इतकी कमी जागा असताना जी आहे तिला कुलूप घालणं परवडतं का?

आणि मुलींचं काय? माझा भाऊ "खाली जातो" एवढं म्हणून निघू शकतो. मी सतरा वर्षांची होते तेव्हा मला कुठे, कशाला, कुणाबरोबर, किती वेळ ही चारही उत्तरं द्यावी लागायची. म्हणून दूध आणायला जायचं आणि परतताना पाच मिनिटं जास्त काढायची. २०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईवरचं पुस्तक आलं. बाईला सार्वजनिक जागेत विनाकारण रेंगाळण्याचा हक्क आहे, हा त्यांचा मुद्दा. आता तो आमचा बोर्ड परत वाचा: "विनाकारण बसू नये." ताण उतरवण्यासाठी जे दहा मिनिटांचं बसणं लागतं, ते विनाकारणच असतं हो! कारण काढून बसलं की ते परत कामच झालं.

मग करायचं काय?

मोठमोठ्या गोष्टी सांगत नाही. चारच सांगते.

पहिली. घरापासून पाच-सात मिनिटांत चालत पोहोचता येईल अशी एक हिरवी जागा शोधा. ती सुंदर असायची गरज नाही. देवळामागचा पार, कॅनॉलचा रस्ता, कॉलेजच्या मैदानाची कड, टेकडीची पायथ्याची पायवाट, काहीही. मुलींनो, मैत्रिणीला घेऊन जा, दोघींनी एकमेकींशी बोललंच पाहिजे असं नाही.

दुसरी. फोन खिशात. हे मी पॉडकास्टवाली असून सांगतेय. सलिव्हन यांच्याच गटाने एक प्रयोग केला होता: सुट्टीत काहींना हिरव्या जागी बसवलं, काहींना ओसाड जागी, आणि दोन्हीकडच्या निम्म्यांच्या हातात लॅपटॉप. लक्ष ताजंतवानं झालं ते फक्त हिरव्या जागी, लॅपटॉपशिवाय बसलेल्यांचं. झाडाखाली बसून रील्स बघितली तर झाडाचा हिशेब लागत नाही.

तिसरी. तुमच्या सोसायटीत आमच्यासारखा विषय निघाला तर भांडायच्या आधी कागद बघा. मंजूर नकाशा मागा आणि ती जागा त्यावर काय म्हणून दाखवली आहे ते पाहा. २०२० मध्ये मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागासाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवायला सांगितलंय. आणि शहरी भागातलं झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग ते सोसायटीच्या आवारातलं का असेना. नियम माहीत असला की मीटिंगमध्ये आवाज चढवावा लागत नाही.

चौथी, आणि ही नीट ऐका. झाड म्हणजे उपचार नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, राग स्वतःवर किंवा दुसऱ्यावर हात उचलण्यापर्यंत जात असेल, जगणंच नको वाटत असेल, तर बागेत चक्कर मारून ये, असं कुणाला सांगू नका आणि स्वतःलाही सांगू नका. घरातल्या विश्वासाच्या माणसाशी बोला, आणि १४४१६ हा नंबर सेव्ह करा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

मला यातून एवढंच समजलं: घराजवळच्या झाडाने परीक्षा सोपी होत नाही, घर मोठं होत नाही आणि आईबाबा बदलत नाहीत. राग आणि हात यांच्यामधली ती फट मात्र थोडी रुंद होते. बारावीच्या वर्षात, चार माणसांच्या वन बीएचकेमध्ये, ते "थोडी" फार मोठं असतं. आणि त्यासाठी झाड जवळ हवं, त्याच्यापर्यंत जाऊ द्यायला हवं, आणि तिथे बसल्यावर "काय रे, इथे काय करतोस?" असं कुणी विचारायला नको.

तुमच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत अशी कुठली जागा आहे, आणि ती किती वाजता बंद होते, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही ऐकवीन. आणि हो, हा एपिसोड संपला की पुढचा आपोआप सुरू होईल. तो थांबवा, चप्पल घाला आणि दहा मिनिटं खाली जाऊन या. पुढचा एपिसोड कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!